संघ, सोंग आणि संकासुर

दक्षिण कोकणात एखाद्या माणसाची ओळख करून देताना त्याचे गाव, वाडी आणि धंदा सांगून झाला की पुष्कळदा आणखी एक गोष्ट सांगितली जाते, ती म्हणजे त्याचा ‘पार्ट’. ‘तो आमचो नारद’, ‘ह्येचो कायमचो राजपार्ट’, ‘इलो बघ संकासुर’ अशी वाक्ये मालवण तालुक्यातल्या कोणत्याही बाजारात कानावर पडतात. बोलणाऱ्याला दशावतारी नाटकाचा संदर्भ द्यावा लागत नाही आणि ऐकणाऱ्याला तो विचारावा लागत नाही. जत्रांतल्या दशावतारी प्रयोगांच्या नोंदी मी तीस वर्षे ठेवत आलो आहे. ही माझी हौस. तिच्यामागे विद्यापीठाची पदवी नाही. त्या वह्यांच्या शेवटच्या पानांवर मी बाजारातली अशी वाक्येही लिहून ठेवतो.

अलीकडे ही वाक्ये मला एका नव्याच ठिकाणी ऐकू येऊ लागली. मालवणहून कसालकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचे कट्टा हे बाजाराचे गाव आहे. इथल्या आणि इथून मुंबई-पुण्याला व आखातात गेलेल्या अकरा जणांची मिळून एक ‘फॅन्टसी फुटबॉल लीग’ चालते. त्यात रिक्षा चालवणारा आहे, शाळेचा शिक्षक आहे, मासळीचा व्यापारी आहे, कॉलेजातला मुलगा आहे. भाच्याच्या आग्रहाने मीही त्यात आहे. खेळ इंग्लंडमधला, खेळाडू जगभरचे, हिशेब मोबाइलवर. तरी हंगामाच्या पाच-सहा आठवड्यांत अकरा जणांची मूळ नावे मागे पडली आणि प्रत्येकाला दशावतारातला एक पार्ट मिळाला. हे पार्ट कोणी बसून वाटले नव्हते.

असे का होते, हा या लेखाचा प्रश्न आहे. आकड्यांच्या खेळात बसलेल्या मित्रांना एकमेकांत पुराणातली पात्रे का दिसू लागतात? आणि मित्राला पात्र देणे हे प्रेम कधी असते आणि कधी जाच होतो?

खेळ कसा चालतो

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये २० क्लब खेळतात. हंगाम ऑगस्टपासून मेपर्यंत, ३८ फेऱ्यांचा. फॅन्टसी खेळणाऱ्याला १० कोटी पौंडांची कागदोपत्री रक्कम मिळते. तिच्यातून त्याने खऱ्या खेळाडूंपैकी १५ निवडायचे: २ गोलरक्षक, ५ बचावपटू, ५ मधल्या फळीतले, ३ आघाडीचे. एका क्लबचे तिघांपेक्षा जास्त घेता येत नाहीत. दर फेरीला त्यातले ११ मैदानात उतरवायचे. मग खऱ्या सामन्यात त्या खेळाडूने जे केले त्याचे गुण मिळतात. आघाडीच्या खेळाडूने गोल केला तर ४, मधल्या फळीतल्याने केला तर ५, बचावपटूने केला तर ६. गोलासाठी शेवटचा पास दिला तर ३. पिवळे कार्ड मिळाले तर एक गुण वजा, लाल मिळाले तर तीन. संघाचा एक कर्णधार नेमायचा, त्याचे गुण दुप्पट धरतात. फेरीतल्या पहिल्या सामन्याच्या दीड तास आधी दार बंद होते. त्यानंतर संघात बदल नाही.

म्हणजे हा संघ मैदानावर कुठेच नसतो. तो निवडणाऱ्याच्या मनात असतो. आपल्याकडे याला नेमका शब्द आहे: मनातले मांडे. फरक इतकाच की इथे मांडे मोजून मिळतात.

या कल्पनेचा उगम अमेरिकेत आहे. १९६२ साली ऑकलंड रेडर्स या अमेरिकन फुटबॉल संघाचे भागीदार बिल विंकेनबाख यांनी संघाच्या दौऱ्यात न्यूयॉर्कच्या एका हॉटेलात, संघाचा एक कर्मचारी आणि एक वार्ताहर यांच्यासह या खेळाचे नियम आखले. पुढच्या वर्षी आठ संघांची पहिली लीग सुरू झाली. ते फुटबॉल आपल्या ओळखीचे नव्हे, हातात चेंडू घेऊन पळण्याचे. १९८० साली डॅनियल ओक्रेंट आणि त्यांच्या मित्रांनी बेसबॉलची अशीच लीग काढली आणि ज्या उपाहारगृहात ते भेटत त्याच्या नावावरून तिला ‘रॉटिसरी’ म्हटले. पायाने खेळायच्या फुटबॉलला हा खेळ इंग्लंडमध्ये १९९०च्या दशकात लागला. तेव्हा गुणांचा हिशेब लोक वर्तमानपत्रातले आकडे पाहून हाताने करीत.

या साऱ्या सुरुवातींत एक गोष्ट सारखी आहे. दर वेळी ओळखीच्या मंडळींचे एक टोळके आहे, आणि कोण कसा निवडतो यावर एकमेकांची टिंगल आहे. आकडे हे निमित्त. आपण कोणाला घेतले, कोणाला सोडले, कोणाच्या नादी लागलो, यातून माणसाचा स्वभाव उघडा पडतो. तो पाहायला मित्र लागतात.

सैन्यातून सुटलेला एक माणूस

‘फॅन्टसी’ हा शब्द आणखी एका खेळाच्या नावात आहे. तिथे त्याचा अर्थ मनातले मांडे असा नसून अद्भुत असा आहे: राक्षस, मांत्रिक, भुयारे, खजिने. या खेळात चार-सहा जण टेबलाभोवती बसतात, प्रत्येक जण एका पात्राच्या वतीने बोलतो, आणि एक सूत्रधार त्यांना गोष्टीतून नेतो. याला ‘रोल-प्लेइंग’ म्हणतात. मराठीत मी त्याला सोंगाचा खेळ म्हणेन.

हा खेळ युद्धाच्या सरावातून निघाला. प्रशियाच्या सैन्यात फॉन राइसविट्स पितापुत्रांनी नकाशावर सोंगट्या मांडून लढाई खेळण्याची रीत बसवली. मुलाचे नियम १८२४ साली छापले गेले. पुढे ही रीत हौशी लोकांकडे आली. १९६९ साली अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात डेव्हिड वेझली या तरुणाने नेपोलियनच्या काळातली एक लढाई मांडली. खेळायला लोक जास्त जमले होते. सगळ्यांना सैन्य कुठून देणार? म्हणून त्याने काहींना ब्राउनश्टाइन नावाच्या काल्पनिक गावातली माणसे केले: कोणी नगराध्यक्ष, कोणी सावकार, कोणी विद्यार्थ्यांचा पुढारी. लढाई बाजूला राहिली. लोक कोपऱ्यात जाऊन एकमेकांशी कारस्थाने करू लागले, सौदे करू लागले. वेझलीला वाटले खेळ फसला. खेळणाऱ्यांनी मात्र तो पुन्हा मागितला.

त्या खेळणाऱ्यांत डेव्ह आर्नेसन होते. त्यांनी आणि गॅरी गायगॅक्स यांनी मिळून १९७४ साली ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ प्रसिद्ध केला. पहिली छपाई एक हजार संचांची होती. त्यात प्रत्येक खेळणाऱ्याने आपल्या पात्राचा एक कागद भरायचा. त्यावर सहा गोष्टी: ताकद, बुद्धी, शहाणपण, चपळाई, काटकपणा आणि छाप. तीन फासे टाकून प्रत्येक गोष्टीला ३ ते १८ यांतला आकडा मिळतो. पात्राचे वर्ग सुरुवातीला तीनच होते: योद्धा, मांत्रिक आणि धर्मोपदेशक, चोर वर्षभराने आला. शिवाय पात्र नियम पाळणारे की मोडणारे, हे ठरवायचे. पुढे त्याला भले-बुरे ही दुसरी मोजपट्टी जोडली गेली आणि नऊ खाने तयार झाले.

दोन्ही खेळ शेजारी ठेवले तर त्यांची उलटी चाल दिसते. फॅन्टसी लीग जिवंत माणसाला, म्हणजे मैदानावरच्या खेळाडूला, आकड्यांत उतरवते. सोंगाचा खेळ फाशांतून आकडे काढतो आणि त्यांतून माणूस उभा करतो. त्यामुळे पहिला खेळ खेळून आकड्यांना कंटाळलेली मंडळी आपसूक दुसऱ्याकडे वळतात. खेळाडूंचे आकडे झालेच आहेत, निदान आपण तरी माणसे राहू, असे काहीसे त्यात असावे. परदेशात अशा लीगमधले मित्र एकमेकांना योद्धा, मांत्रिक, चोर म्हणू लागतात. आमच्याकडे तो कागद आधीच भरलेला होता.

दशावताराचा कागद

कार्तिकी पौर्णिमेपासून सिंधुदुर्गात आणि उत्तर गोव्यात गावोगावच्या जत्रा सुरू होतात. देवळासमोर मध्यरात्रीच्या सुमारास दशावतार उभा राहतो आणि पहाटे दहीकाल्याने संपतो. म्हणून त्याला ‘धयकालो’ असेही म्हणतात. वालावलकर, मोचेमाडकर, पार्सेकर, आजगावकर, चेंदवणकर, खानोलकर ही कंपन्यांची नावे इथे घराघरात माहीत असतात.

प्रयोगाचे दोन भाग असतात. आधी आडदशावतार: रिद्धिसिद्धीसह गणपती येतो, भटजी त्याची पूजा सांगतात, शारदा येते, मग ब्रह्मदेवाचे वेद पळवणारा संकासुर येतो आणि शेवटी विष्णू त्याला मारतो. त्यानंतर रात्रभर चालणारे आख्यान. त्यात राजपार्ट, खलपार्ट, स्त्रीपार्ट, विनोदी पार्ट अशी वाटणी असते, आणि नारद हवाच. स्त्रीपार्टही पुरुषच करतात. सामान थोडके: हार्मोनियम, पखवाज, झांज आणि एक बाकडे. तेच बाकडे सिंहासन, तेच पर्वत, तेच अंतःपुर.

आपल्या विषयाच्या दृष्टीने यात तीन गोष्टी महत्त्वाच्या आहेत.

पहिली, लिहिलेली संहिता नसते. रंगपटात तोंड रंगवता रंगवता आख्यान ठरते, प्रवेश ठरतात, पार्ट ठरतात. संवाद मात्र ज्याचे त्याने बोलायचे. राजाने काय विचारावे हे राक्षसाला आधी माहीत नसते. समोरचा काय उत्तर देईल, याच अनिश्चिततेवर रात्र रंगते. अमेरिकन खेळात हे काम फासा करतो, फॅन्टसी लीगमध्ये खरा सामना करतो, दशावतारात समोरचा माणूस करतो.

दुसरी, पार्ट नटाला चिकटतो, पण आख्यान रोज बदलते. राजपार्टी आज हरिश्चंद्र तर उद्या विक्रम. सोंग बदलले तरी उभे राहण्याची, बोलण्याची ढब तीच. लोक नटाला त्या ढबीने ओळखतात, आणि बाजारातल्या माणसालाही त्याच मापाने मोजतात.

तिसरी गोष्ट म्हणजे ‘संयुक्त दशावतार’. वेगवेगळ्या कंपन्यांतले निवडक नट एका रात्रीपुरते एकत्र आणून हे प्रयोग होतात. फलकावर पार्ट आणि समोर नटाचे नाव असते. तो फलक लागण्याआधी गावात कितीतरी दिवस चर्चा चालते: ह्या कंपनीचा राजा, त्या कंपनीचा राक्षस, पखवाजाला अमुकच. प्रत्येकाच्या डोक्यात एकेक संयुक्त प्रयोग तयार असतो. मर्यादित पैशांत, दर कंपनीतून एखाददुसराच नट घेऊन, आपल्या मनाचा संघ बांधणे हेच फॅन्टसी लीगचे काम आहे. आमच्या माणसांना हा खेळ शिकवावा लागला नाही, त्याचे कारण हे असावे असे मला वाटते.

मराठीत माणसाचे पात्र करण्याच्या आणखीही रीती आहेत. पु. ल. देशपांडे यांच्या ‘व्यक्ती आणि वल्ली’ला १९६५चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला आणि ‘वल्ली’ हा शब्द घरोघरी रुळला. पण वल्ली दुसऱ्याने लिहायची असते. जिची लिहिली ती व्यक्ती त्यात बोलत नाही. जव्हार-मोखाड्याकडच्या बोहाड्यात मुखवटे असतात आणि मुखवटा नाचवण्याचा मान ठरावीक घराण्यांकडे असतो. तिथे सोंग वारशाने येते. दशावताराचा पार्ट या दोहोंपेक्षा वेगळा. तो इतर देतात, पण वठवायचा आपण आपल्या शब्दांत.

अकरा जणांची कंपनी

आता आमच्या लीगमधली पात्रयोजना सांगतो. नावे देत नाही. पार्ट पुरेसे आहेत.

राजपार्ट मासळीच्या व्यापाऱ्याचा. पहिल्या फेरीत जो कर्णधार नेमला तोच शेवटपर्यंत. तो खेळाडू दुखापतीने बाहेर बसला तरी हा बदलणार नाही. ‘एकदा दिलो शब्द’ हे त्याचे म्हणणे. हरिश्चंद्राला राज्य गमावण्यात जो मोठेपणा वाटतो, तोच याला तळाला जाण्यात वाटतो. दर हंगामात तो आठवा-नववा येतो आणि सर्वांत जास्त मान त्यालाच आहे.

खलपार्ट पुण्याच्या संगणक अभियंत्याचा. तो आकडेवारीचे तक्ते करतो, खेळाडूंच्या किमती रात्री बदलतात म्हणून अलार्म लावून उठतो. त्याने दोनदा लीग जिंकली. दशावतारात राक्षस हा नेहमीच कष्टाळू असतो. तप त्यानेच केलेले असते, वरही त्यालाच मिळतो. लोक त्याच्या पराभवाची वाट पाहत बसतात आणि तो नसला तर नाटकाला मजा नाही हेही जाणतात.

नारद म्हणजे रिक्षावाला. कोणाच्या गुडघ्याला लागले, कोणत्या प्रशिक्षकाचे कोणाशी बिनसले, ही बातमी त्याच्याकडे आधी. ती तो खलपार्टीला एक सांगतो आणि राजाला दुसरी. त्याच्या स्वतःच्या संघाची दशा विचारू नये.

स्त्रीपार्ट शिक्षकांचा. मस्करीत तो शब्द कोणी वापरील असे वाचकाला वाटेल, पण दशावतारात स्त्रीपार्ट ही फार अवघड कला मानली जाते: कमी हालचाल, संयमाचा आवाज, आणि सगळ्यांचे ऐकून मग बोलणे. गुरुजी संघात बदल मोजकेच करतात, वेळेवर करतात.

झांज एका बँकेतल्या कारकुनाची. तो दर हंगामात चौथा किंवा पाचवा असतो, भांडत नाही, हसत नाही. मात्र सगळ्यांना ‘दार बंद होवचा हा’ अशी आठवण तोच करतो. त्याच्याशिवाय निम्म्या लोकांचे संघ बदलायचे राहिले असते. २०२५–२६च्या हंगामापासून या खेळात एक नियम आला: बचावपटूने चेंडू अडवणे, काढून घेणे, दूर मारणे अशी दहा कामे एका सामन्यात केली तर त्याला दोन गुण. आधी या मुकाट कामाला गुणच नव्हते. झांजवाल्याने त्या दिवशी प्रथमच मोठा संदेश लिहिला.

भटजी मी. पूजा सांगत बसतो आणि प्रवेश लांबवतो, असा आरोप आहे.

उरलेल्यांत दोघे रिद्धिसिद्धी, कारण ते मुंबईत एकाच खोलीत राहतात आणि त्यांचे संघ सारखेच असतात. कॉलेजातला भाचा विष्णू, कारण तो नेहमी शेवटच्या फेऱ्यांत उगवतो. मुंबईतला एक टॅक्सीवाला संकासुर. सर्वांची टिंगल करण्याचा परवाना त्याच्याकडे. आणि कुवेतला असलेला अकरावा गडी गणपती.

पैसा आला की पात्र जाते

इथे एक फरक स्पष्ट केला पाहिजे, कारण फॅन्टसी म्हटले की आपल्याकडे लोकांच्या डोळ्यांसमोर पैशांचा खेळ येतो. हर्ष जैन आणि भावित शेठ यांनी २००८ साली मुंबईत ‘ड्रीम११’ सुरू केले. पुढे क्रिकेटच्या जोरावर असे खेळ गावागावात पोचले. छोटी प्रवेश फी, मोठे बक्षीस, आणि समोर लाखो अनोळखी स्पर्धक. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगविषयीचा कायदा केला, २२ ऑगस्टला त्याला राष्ट्रपतींची मान्यता मिळाली, आणि पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आली. ड्रीम११नेही पैशांच्या स्पर्धा बंद केल्या.

कायद्याच्या बाजूने आणि विरुद्ध पुष्कळ लिहिले गेले आहे, त्यात मी पडत नाही. माझे निरीक्षण एवढेच की पैशांच्या त्या खेळात हरलेल्या-जिंकलेल्या माणसांशी मी बोललो, तेव्हा त्यांतल्या एकालाही आपल्या प्रतिस्पर्ध्याला नाव देता आले नाही. समोर लाखभर लोक, त्यांत नारद कोण आणि राजा कोण? सोंगाला ओळख लागते. आमची लीग फुकट आहे. बक्षीस म्हणजे हंगामाअखेर हरलेल्यांनी विजेत्याला घातलेले सुंगटाचे जेवण. तिथे हरण्याजिंकण्यापेक्षा कोण कसा वागला हेच बोलण्यात राहते.

गणपतीचे प्रकरण

आता त्या अकराव्या गड्याकडे येतो. आडदशावतारात गणपती पहिला येतो, पूजा घेतो, आशीर्वाद देतो आणि आत जातो. पुढे रात्रभर तो दिसत नाही. २०२३–२४च्या हंगामात कुवेतच्या या मित्राने ऑगस्टमध्ये मोठ्या उत्साहाने संघ बांधला, सगळ्यांना शुभेच्छा दिल्या आणि नोव्हेंबरपासून संघाला हात लावला नाही. दुखापतीने बसलेले चार खेळाडू त्याच्या संघात तसेच होते. संकासुराने त्याला गणपती म्हटले आणि ते नाव बसले. नाव इतके चपखल होते की दर शनिवारी कोणी ना कोणी ‘गणपती खय?’ असे विचारून हसे.

तो उत्तर देत नव्हता. फेब्रुवारीत त्याच्या भावाकडून कळले की तो जिथे काम करीत होता तिथे चार महिने पगार झालेला नव्हता. खोलीचे भाडे थकले होते, आणि मोबाइलचा रिचार्जही तो मोजून करीत होता. मार्चमध्ये तो परत आला.

आला त्याच आठवड्यात जवळच्या गावात दशावतार होता. रात्रीचे अकरा वाजले होते, इंग्लंडातला सायंकाळचा सामना तेव्हाच सुरू होत होता, आणि देवळामागे पाच-सहा जण मोबाइलवर डोळे लावून उभे होते. तो आला तेव्हा कोणाला काय बोलावे सुचेना. तोच म्हणाला, ‘‘गणपती येता नि जाता, ह्या खरा. पण तो इल्याशिवाय नाटक सुरू होता काय?’’ मग संकासुराकडे, म्हणजे मुंबईहून जत्रेला आलेल्या टॅक्सीवाल्याकडे, वळून म्हणाला, ‘‘आता माका संकासुर करूचो आसा. तू बस बाकड्यार.’’

आणि त्याने केला. अर्धा तास त्याने सगळ्यांची उडवली: राजाचा शब्द, राक्षसाचे तक्ते, माझी पूजा. मग त्याच सुरात, हसत हसत, त्याने पगार न देणाऱ्या मालकाची आणि आपली खोली कशी चालली त्याची गोष्ट सांगितली. सरळ विचारले असते तर त्याने ती सांगितली नसती, असे गुरुजींचे मत आहे. मलाही ते पटते. आडदशावतारातला संकासुर हेच करतो. बाकीची पात्रे पुस्तकी मराठीत बोलतात, तो एकटा मालवणीत बोलतो. वेद चोरल्याचा आरोप अंगावर घेऊन तो गावच्या मानकऱ्यांपासून पोलिसापर्यंत सर्वांना जे सुनवायचे ते सुनवून घेतो, आणि मगच मरतो. आरोपीला एवढा वेळ बोलू देणारी जागा आपल्याकडे दुसरी फारशी नाही.

पार्ट देण्याचे नियम

या प्रकरणानंतर मी जुन्या नोंदवह्या पुन्हा पाहिल्या. बाजारात दिलेला पार्ट कधी प्रेमाचा राहिला आणि कधी माणसाला लागला, याची उदाहरणे शोधली. त्यावरून तीन गोष्टी मांडतो.

एक, पार्ट दिलेल्याला उत्तर देता आले पाहिजे. तो मित्र कुवेतमध्ये गप्प होता तोवर ‘गणपती’ हे नाव त्याच्यावर लादलेले होते. त्याने त्या नावानेच उत्तर दिले, तेव्हा ते त्याचे झाले. दशावतारात संहिता नसण्याचे खरे मोल हेच आहे की प्रत्येक पार्टाला आपली बाजू आपल्या शब्दांत मांडता येते. अमेरिकन खेळातही आपल्या पात्राच्या तोंडचे शब्द दुसरा कोणी ठरवत नाही.

दोन, पार्टाची अदलाबदल शक्य असली पाहिजे. कंपनीत आजारी नटाचा पार्ट दुसरा करतो, पोरगा लहान पार्टातून राजपार्टापर्यंत चढतो. अमेरिकन खेळातले पात्रही अनुभवाने पायरी पायरीने वर जाते. गावात मात्र पन्नाशीच्या माणसाला विसाव्या वर्षी मिळालेला पार्ट तसाच चालू राहतो. माझ्या वहीत एका माणसाची नोंद आहे, ज्याला तरुणपणी विनोदी पार्ट मिळाला. पुढे त्याच्या घरात मोठे दुःख झाले तेव्हाही लोक त्याच्या तोंडून विनोदाचीच वाट पाहत होते. त्याने बाजारात येणे सोडले.

तीन, पहाट झाली पाहिजे. दहीहंडी फुटते, काला वाटला जातो आणि रंगपटात खोबरेल लावून तोंडाचा रंग पुसला जातो. काल रात्री ज्याने देवांना कैद केले तो राक्षस सकाळी पहिल्या एस.टी.ने घरी जाऊन बागेत शिंपणे करतो. फुटबॉलचा हंगाम मेमध्ये संपतो, तोही असाच संपला पाहिजे. आमच्या लीगने २०२४पासून ठरवले आहे की सुंगटाच्या जेवणाच्या दिवशी सर्वांना मूळ नावानेच हाक मारायची आणि ऑगस्टमध्ये पार्ट नव्याने पडू द्यायचे. खलपार्ट पुन्हा पुण्याकडेच गेला, ते वेगळे. कुवेतहून आलेला मित्र आता कट्ट्यात मोबाइल दुरुस्तीचे दुकान चालवतो. लीगचा हिशेब तोच ठेवतो आणि प्रवेश कोणी कधी घ्यायचा हेही तोच सांगतो. त्याला काय म्हणावे यावर अजून एकमत नाही.

असे पार्ट फक्त आमच्याकडे पडत नसणार. कोल्हापुरात तालीम मंडळांच्या फुटबॉलचे वेड पिढ्यान्‌पिढ्यांचे आहे. गोव्यात तर गावोगाव संघ आहेत. तिथल्या मित्रमंडळांत एकमेकांना कोणती नावे पडतात, ती तमाशातून येतात, तियात्रातून की सिनेमातून, हे नोंदवले गेले पाहिजे. ही नावे कागदावर येत नाहीत आणि टोळके पांगले की त्यांच्याबरोबर जातात. वाचकांपैकी कोणी अशा मंडळात असेल तर त्याने पार्ट, तो पडण्याचे कारण आणि त्या माणसाने दिलेले उत्तर, एवढे तरी वहीत तारखेसह लिहून ठेवावे. उत्तर विसरू नये. माझ्या वह्यांत नावे पुष्कळ आहेत, उत्तरे थोडी.